कोरियातील भारतीय रक्षकदल : सैन्याच्या एका निराळ्या शिक्षणाचा इतिहास

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख लिहून द्यावा अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्ही थोडा विचार केला. पावनखिंड, खर्डा, पानिपत या लढाया आपल्या घराघरांतील मुलांनाही तोंडपाठ आहेत. त्यांविषयी आम्ही नवे ते काय सांगणार? परंतु आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतील मुलगे, आणि आता मुलीही, सैन्यात व राखीव पोलीस दलात नोकरीस आहेत. त्यांच्या वाट्यास जे काम वारंवार येते, ते लढाईचे नसते. बंदूक खांद्यावर असून ती चालवावयाची नाही, समोर खवळलेला जमाव असून त्यास शत्रू मानावयाचे नाही, शिव्या व दगड सोसावयाचे, आणि तरीही सुव्यवस्था मोडू द्यावयाची नाही, असे ते काम असते. घरच्या मंडळींना या कामाची कल्पना क्वचितच असते, आणि पाठ्यपुस्तकांत त्यास जागा मिळत नाही. म्हणून सैन्यास अशा कामासाठी कसे तयार करावे लागते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ते उदाहरण १९५३-५४ साली कोरियात गेलेल्या भारतीय रक्षकदलाचे. त्या दलाचे सेनानी एक महाराष्ट्रीय होते, ही गोष्ट आपणांस विशेष अभिमानाची आहे.

जुने धडे

प्रजेत वावरणाऱ्या सैन्याचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. चिपळूणजवळील छावणीत असलेल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांस श्रीशिवछत्रपतींनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्रात शौर्याचा उपदेश नाही. त्यात दाणा, वैरण आणि हिशेब यांची चर्चा आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा आताच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्याच्या घरी जाऊन कोणी दाणा, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी ओढून आणतील. आणि मग रयतेस मोगलांपेक्षा तुम्हीच जड वाटाल, असा महाराजांचा इशारा आहे. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजीस आग लागेल, म्हणून रात्री दिवे विझवावेत, येथपर्यंत त्यात सूचना आहे. सैन्याची शिस्त त्याच्या शिधासामग्रीपासून सुरू होते, हा धडा महाराजांनी तीनशे वर्षांपूर्वी लेखी दिला होता.

दुसरा धडा रक्ताने लिहिलेला आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने पूर्वसूचना न देता निःशस्त्र सभेवर गोळीबार करविला. १६५० गोळ्या झाडल्या गेल्या, आणि सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे मेली. डायरचा हेतू केवळ गर्दी पांगविण्याचा नव्हता. साऱ्या पंजाबास दहशत बसावी असा होता, हे त्याने चौकशी समितीपुढे स्वतःच सांगितले. पुढे मुलकी अधिकाऱ्यांच्या मदतीस सैन्य बोलाविताना कमीत कमी बळाचा वापर व्हावा, या तत्त्वावर जो भर देण्यात आला, त्यास ही घटना फार मोठे कारण झाली.

तिसरा धडा १९४७ चा. फाळणीच्या वेळी पंजाबात शांतता राखण्यासाठी मेजर जनरल रीस यांच्या हाताखाली ‘पंजाब सीमा दल’ १ ऑगस्ट रोजी उभे करण्यात आले, आणि एका महिन्यातच ते मोडावे लागले. मुलूख अफाट, माणसे थोडी, मुलकी कारभार कोसळलेला, आणि खुद्द जवानांची घरेदारे त्याच आगीत सापडलेली, अशा स्थितीत त्या दलाकडून काम निभावले नाही. केवळ शूर पलटणी एकत्र केल्याने शांतता राहत नाही, हे तेव्हा दिसून आले. त्या दलात काम केलेले एक अधिकारी म्हणजे कूर्गचे थिमय्या. पुढे कोरियात त्यांच्याकडेच मुख्य जबाबदारी आली.

कोरियातील पेच

कोरियाचे युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले. लढण्यासाठी भारताने सैन्य पाठविले नाही. मात्र लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वे पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक नोव्हेंबर १९५० मध्ये तेथे पोचले व त्याने जखमींची मोठी सेवा केली. युद्धतहकुबीच्या वाटाघाटी सुरू झाल्या, आणि त्या एका प्रश्नावर अडून बसल्या. तो प्रश्न होता युद्धकैद्यांचा. जे कैदी मायदेशी परत जाण्यास तयार नाहीत, त्यांचे काय करावयाचे? चीन व उत्तर कोरिया यांचे म्हणणे, सर्वांस परत करा. अमेरिकेचे म्हणणे, इच्छेविरुद्ध कोणासही धाडणार नाही. या वादापायी युद्ध कित्येक महिने लांबले आणि त्या काळात दोन्ही बाजूंची हजारो माणसे मेली.

अखेर ८ जून १९५३ रोजी तोडगा निघाला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत या पाच राष्ट्रांचे एक तटस्थ मंडळ नेमावे. परत जाण्यास नकार देणारे कैदी त्याच्या स्वाधीन करावेत. त्यांच्या मायदेशाच्या प्रतिनिधींनी त्यांस ९० दिवस समजावून सांगावे. आणि त्यानंतर कैद्याने आपला निर्णय घ्यावा, असे ठरले. अध्यक्षपद भारताकडे आले, आणि कैद्यांच्या पहाऱ्यासाठी केवळ भारताचेच सैन्य असावे असेही ठरले. २७ जुलै रोजी पानमुनजोम येथे युद्धतहकुबीवर सह्या झाल्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणून लेफ्टनंट जनरल थिमय्या आणि रक्षकदलाचे सेनापती म्हणून मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची निवड झाली.

थोरात हे कोल्हापूरकडचे; जन्म १९०६ सालचा, लष्करी शिक्षण इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे झालेले. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कांगॉच्या घनघोर लढाईत थोरात, थिमय्या आणि सेन हे तीन भारतीय अधिकारी एकाच ब्रिगेडमधील तीन पलटणींचे प्रमुख होते, आणि तिघांनाही त्या लढाईबद्दल डी. एस. ओ. हे पदक मिळाले. म्हणजे कोरियात पाठविलेली ही जोडी लढाईतून तावून सुलाखून निघालेली होती. न लढण्याच्या कामगिरीवर सरकारने लढवय्येच धाडले, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ज्याने आपले धैर्य एकदा सिद्ध केले आहे, त्यास ते दाखविण्यासाठी गोळी झाडावी लागत नाही.

तयारी कशाची?

या दलात जाट, डोगरा, राजपुताना रायफल्स, गढवाल अशा नाणावलेल्या पलटणींचे जवान होते. एकूण संख्या सुमारे साडेपाच ते सहा हजार. त्यांच्या ताब्यात द्यावयाचे कैदी मात्र जवळजवळ २३ हजार! म्हणजे प्रत्येक जवानामागे चार कैदी. त्यातही स्वयंपाकी, कारकून, वाहनचालक व दवाखान्यातील माणसे वजा केली, तर पहाऱ्यावरील जवानाच्या वाट्यास आणखी किती येत असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पहिली अडचण मार्गाचीच होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा या तडजोडीस कडवा विरोध. १८ जून रोजी त्यांनी सुमारे २५ हजार उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिलेच होते. भारतीय सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीस लागू देणार नाही, असेही त्यांनी जाहीर केले. तेव्हा इंचॉन बंदरात आलेल्या आमच्या जवानांस जहाजांवरूनच हेलिकॉप्टरमध्ये बसवून मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरविण्यात आले. युद्धाने उजाड झालेल्या त्या पट्ट्यात छावणी पडली, आणि तिला नाव मिळाले ‘हिंद नगर’.

दुसरी अडचण आज्ञेची. सैनिकास स्पष्ट हुकूम लागतो. येथील करारात दोन कलमे जणू एकमेकांसमोर उभी होती. कैद्यास परत जाण्यास भाग पाडण्यासाठी किंवा परत जाण्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर वा धमकी होता कामा नये, हे एक. आणि कैद्यांना ताब्यात ठेवून त्यांच्यावर कायदेशीर नियंत्रण राखावे, हे दुसरे. म्हणजे कैदी पळून जाऊ नये, त्याने दुसऱ्यास मारू नये, यासाठी बळ वापरता येईल; परंतु त्याच्या मनाच्या निर्णयास बळाचा स्पर्शही होता कामा नये. ही रेषा कागदावर आखणे सोपे. डिसेंबरच्या रात्री, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, काटेरी तारेजवळ उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या शिपायास ती ओळखता आली पाहिजे, यालाच आम्ही सैन्याची तयारी म्हणतो.

तिसरी अडचण भाषेची. कैदी चिनी व कोरियन. आमच्या जवानांस त्यांपैकी एकही भाषा येत नव्हती. सारा व्यवहार दुभाष्यांमार्फत आणि खुणांनी चालावयाचा. चौथी अडचण कैद्यांच्या आतल्या संघटनेची. एकेका तारेच्या कुंपणात चारपाचशे कैदी असत, आणि आत त्यांच्या कडव्या पुढाऱ्यांचे राज्य असे. कोणी मायदेशी जावयाचे मनात आणील तर त्यास मारहाण होई, खूनही झाले. बाहेरून निशाणे, घोषणा आणि गाणी दिसत व ऐकू येत. आत कोण भयाने गप्प बसला आहे, हे शिपायास कसे कळावे? कोणी कैदी संधी साधून तारेकडे धावत येई व परत जाण्याची इच्छा खुणेने सांगे, तेव्हा त्यास तत्काळ संरक्षण देणे, हे पहारेकऱ्याचे सर्वांत पवित्र कर्तव्य ठरले.

कसोटीचे दिवस

कैदी ताब्यात येण्याचे काम सप्टेंबर १९५३ मध्ये पुरे झाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बाजूने २२,६०४ कैदी आले. त्यांत १४,७०४ चिनी व ७,९०० कोरियन होते. साम्यवादी बाजूने ३५९ आले. त्यांत ३३५ कोरियन, २३ अमेरिकन आणि १ इंग्रज. पुरते स्थिरस्थावरही झाले नाही तोच २५ सप्टेंबर रोजी कसोटीचा प्रसंग आला. चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांस ओढून आपल्या कुंपणात नेले.

या प्रसंगाचे गांभीर्य समजण्यासाठी आधीची एक घटना आठवावी. मे १९५२ मध्ये कोजे बेटावरील छावणीत कैद्यांनी खुद्द अमेरिकन छावणीप्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांस असेच पकडून ठेवले होते. त्यांची सुटका झाली, परंतु पुढे जूनमध्ये ती छावणी ताब्यात आणण्यासाठी रणगाडे आणावे लागले, आणि अनेक कैदी ठार झाले. तेच सारे आता हिंद नगरात घडणार काय, असा प्रश्न होता.

जनरल थोरात मोजकी माणसे बरोबर घेऊन स्वतः कुंपणाच्या आत गेले. भोवती हजारो नव्हेत, पण शेकडो खवळलेले कैदी. एक दगड, एक धक्का, आणि बाहेरच्या जवानांकडून गोळीबार अटळ झाला असता. त्यात आपला सेनापतीही सापडला असता. थोरातांनी पुढाऱ्यांशी बोलणे केले, कडक शब्दही ऐकविले, त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले, आणि मेजर ग्रेवाल यांस सुखरूप बाहेर आणले. एकही गोळी सुटली नाही. या धैर्याबद्दल त्यांस पुढे अशोकचक्र, वर्ग दुसरा, हा सन्मान मिळाला. त्यासच आता कीर्तिचक्र म्हणतात. लढाईतील डी. एस. ओ. आणि हे चक्र, दोन्ही एकाच माणसाच्या छातीवर शोभून दिसली. आमच्या दृष्टीने दुसऱ्याची किंमत तिळभरही कमी नाही.

मात्र सर्वच प्रसंग असे गोळीविना निभावले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबरच्या आरंभी कैद्यांनी कुंपण तोडून पहाऱ्यावर चालून येण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जवानांस गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. दक्षिण कोरियाने याबद्दल भारतावर कठोर टीका केली. परंतु तो गोळीबार दहशत बसविण्यासाठी नव्हता, आणि धोका टळताच तो थांबला. जालियनवाला बागेपासून हिंद नगरापर्यंतचे ३४ वर्षांचे अंतर याच एका गोष्टीत मोजता येते.

दोन दारे

कैद्यांस समजावून सांगण्याचे काम १५ ऑक्टोबर रोजी सुरू झाले. तंबू उभारले होते. एकेक कैदी आत आणावयाचा. समोर त्याच्या देशाचे प्रतिनिधी बसत. बाजूस पाचही तटस्थ राष्ट्रांची माणसे, दुभाषे व निरीक्षक असत. बोलणे संपले म्हणजे कैद्याने दोन दारांपैकी एकाने बाहेर जावयाचे. एका दाराने मायदेशी, दुसऱ्याने परत कुंपणात. कैदी कधी ओरडत, कधी प्रतिनिधींवर धावून जात. भारतीय जवान त्यांस दोन्ही दंडांना धरून उभे राहत. मग ते कोणत्या दाराकडे वळतात ते पाहून जवान हात सैल करीत. हे दृश्य आम्ही पुनःपुन्हा मनापुढे आणतो. एका परमुलखातल्या माणसाच्या उभ्या आयुष्याचा निर्णय होत आहे, आणि आपल्या खेड्यापाड्यांतून आलेला एक शिपाई त्यास इतकेच धरून आहे की त्याने कोणास इजा करू नये. त्याने कोठे जावे हे मात्र शिपायाने सुचवावयाचे नाही!

कैद्यांनी तंबूत येण्यासच नकार दिला, तेव्हा मोठा पेच पडला. पोलंड व चेकोस्लोव्हाकिया म्हणत, बळाने आणा. स्वीडन व स्वित्झर्लंड म्हणत, बळ वापराल तर आम्ही राहणार नाही. मधले मत भारताचे. हजारो माणसांस संगिनींच्या टोकावर ओढून आणले तर रक्तपात होईल आणि कराराचा आत्माच मरेल, हे ओळखून थिमय्यांनी बळाचा मार्ग नाकारला. परिणामी ९० दिवसांपैकी सुमारे दहाच दिवस प्रत्यक्ष समजावणी होऊ शकली. २३ डिसेंबर रोजी मुदत संपली.

पुढे कैद्यांच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी जी राजकीय परिषद भरावयाची होती, ती भरलीच नाही. भारताचा ताबा जानेवारीत संपणार होता. कैद्यांस स्वतः मोकळे करण्याचा अधिकार आपणांस नाही आणि मुदतीनंतर ताब्यात ठेवण्याचाही नाही, अशी भूमिका घेऊन थिमय्यांनी २० जानेवारी १९५४ पासून ज्या बाजूने कैदी आले होते, त्याच बाजूस ते परत सोपविले. दोन्ही पक्षांनी यावर आक्षेप घेतला. तटस्थाच्या वाट्यास असे दोन्हीकडचे बोल येतातच.

२२,६०४ जणांचा हिशेब असा लागला : २१,८३९ परत संयुक्त राष्ट्रसंघाच्या बाजूकडे गेले, ६२८ मायदेशी गेले, ८६ जणांनी कोठेच न जाता तटस्थ देश मागितला व ते भारतीय दलाबरोबर भारतात आले, १३ बेपत्ता झाले, ३८ मेले. दुसऱ्या बाजूच्या ३५९ पैकी ३४७ तेथेच राहिले, १० परतले आणि २ भारतात आले. शाळेत हिशेब जुळतो की नाही हे पाहण्याची आमची खोड अजून गेलेली नाही. हा हिशेब एका माणसाचाही फरक न पडता जुळतो. युद्धाच्या राखेत, परमुलखात, २३ हजार माणसांचा असा हिशेब देता येणे हीच त्या दलाची कीर्ती होय. ६२८ हा आकडा लहान दिसेल. परंतु भारतीय पहारा तेथे नसता तर त्यांपैकी कितीजण कुंपणातून जिवंत बाहेर पडले असते?

त्यानंतरची वाटचाल

कोरियाचा अनुभव वाया गेला नाही. १९५६ मध्ये सुएझच्या युद्धानंतर गाझा व सिनाई येथे संयुक्त राष्ट्रसंघाचे दल उभे राहिले. त्यात भारतीय पलटणी १९६७ पर्यंत होत्या. काँगोत १९६१ साली भारताने ब्रिगेड धाडली. तेथे शांतिसैनिकांस प्रत्यक्ष लढावे लागले, आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी देह ठेवून परमवीरचक्र मिळविले. थिमय्या पुढे सायप्रसमधील शांतिदलाचे सेनापती झाले आणि तेथेच १९६५ च्या डिसेंबरात कामावर असताना त्यांचे देहावसान झाले.

याच्या उलट श्रीलंकेचा अनुभव. २९ जुलै १९८७ च्या करारानुसार भारताचे शांतिसैन्य तेथे गेले. शस्त्रे स्वाधीन करून घ्यावयाची, एवढेच काम प्रथम समजले होते. थोड्याच महिन्यांत त्याच सैन्यास लढाई करावी लागली. मार्च १९९० मध्ये ते परत आले, तोवर अकराशेहून अधिक जवान कामी आले होते. जवानांच्या शौर्यात उणीव नव्हती. परंतु काम कोणते, मुदत किती, आणि दोन्ही पक्ष खरोखर राजी आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे कोरियात लेखी होती. श्रीलंकेत ती दिवसेंदिवस बदलत गेली. या फरकाची किंमत अकराशे घरांनी दिली.

आता या कामाचे शिक्षण रीतसर दिले जाते. २००० साली दिल्लीत त्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. २००७ मध्ये लायबेरियात भारताच्या महिला पोलिसांचे संपूर्ण पथक गेले. जगात असे पथक प्रथमच गेले होते.

या साऱ्याचे तात्पर्य आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असू त्याप्रमाणे थोडक्यात सांगतो. शांतता राखण्यास जाणाऱ्या सैन्यास प्रथम स्पष्ट व लेखी आज्ञा हवी. दुसरे, पोटभर शिधा व हिवाळ्याचे कपडे हवेत, कारण उपाशी शिपाई रयतेस जड होतो. तिसरे, लोकांची भाषा जाणणारी माणसे हवीत. चौथे, संकटात स्वतः पुढे जाणारा अधिकारी हवा. आणि पाचवे, काम संपताच निघून येण्याची तारीख ठाऊक हवी. यांपैकी पहिल्या व शेवटच्या गोष्टी शिपायाच्या हाती नसतात. त्या राज्यकर्त्यांच्या हाती असतात. म्हणून त्यांविषयी विचारण्याचा अधिकार, ज्यांची मुले पाठविली जातात त्या घरांस आहे, असे आमचे मत आहे.

शेवटी मंडळाच्या सभासदांस एक विनंती. आपल्यांपैकी ज्यांच्या घरी निवृत्त सैनिक वा पोलीस आहेत, त्यांनी त्यांच्या हकीकती लिहून घ्याव्यात. कोणत्या लढाईत होता, एवढेच विचारून थांबू नये. कोणत्या दंग्यात, कोणत्या पुरात, कोणत्या परमुलखात पहारा केला, आणि बंदूक हाती असून ती कोणत्या वेळी चालविली नाही, हेही विचारावे. अशा हकीकती पुढील स्मरणिकांत छापण्यास मंडळ आनंदाने जागा देईल, अशी आमची खात्री आहे. एवढे लिहून हा लेख पुरा करतो.